फ म्हणून दाखवा

कवळी बसवली की मी प्रत्येकाला सांगतो,
"फ म्हणून दाखवा."
वरचे दात खालच्या ओठावर कुठं टेकतात
त्यावरून माप कळतं.
बहुतेक जण फणस म्हणतात.
कुडतरीच्या एक बाई नुसती फुंकर घालून गेल्या.

आव्हेलिनो फुर्ताद, वय एक्याऐंशी,
मडगावच्या कोर्टातले निवृत्त बेलीफ,
यांनी आरसा बाजूला सारला.
"हांगा न्हय, दोतोर. आज रात्री आठला.
जिथं मी जेवतो, तिथं."
या सगळ्यात एकही फ नव्हता,
हे मला दवाखाना बंद करताना लक्षात आलं.

ते जेवतात ती जागा
जुन्या बाजाराच्या पाठीमागे,
मी तिथून पंचवीस वर्षं गेलोय
स्कूटर जरा हळू करून,
लसूण, मिरी, गरम लोखंडावर पडलेला व्हिनेगर
एवढंच नाकात घेऊन.
आत सात टेबलं. खळ घातलेले पांढरे अभरे,
रफू केलेले, रफूवर पुन्हा रफू.
सुऱ्या धार लावून लावून
मुरडशाच्या काट्यासारख्या झालेल्या.
इनासच्या कोटाला पाच पितळी बटणं,
सहावं शर्टाचं.
मेनू इथं कधी छापला नाही.

मी शनिवारचा शिवराक.
माझ्यासाठी उंडो आणि तळलेले बटाटे.
बटाटे कोणत्या चरबीत तळतात, मी विचारलं नाही,
इनासनं सांगितलं नाही.
आमच्याकडे शेजारधर्म
बराचसा असाच चालतो.

मग फुर्ताद उभे राहिले,
साक्षीदाराला पुकारायला राहायचे तसे.
"बिफे!
वर अंडं, फ्राय. लसूण फार नको.
आत थोडं रक्त राहू दे,
फाशी देऊ नका त्याला.
आणि एक फेणी."

इनासची पेन्सिल थांबली.
अकरा वर्षं त्यानं 'बिपे' ऐकलं होतं
आणि तेच लिहिलं होतं.
स्वयंपाकघराच्या दारातून कुक डोकावला,
हातात चिमटा तसाच.
गल्ल्यावरची म्हातारी जपमाळेत कुठं होती ते विसरली.

बिफे आला. अख्खा,
काठाला चरबीची पिवळी किनार,
अंडं अजून थरथरतंय.
फुर्तादनी तो बराच वेळ पाहिला,
वास घेतला,
मग दोन बोटांनी माझं सहा आठवड्यांचं काम
वरचं नि खालचं
तोंडातून काढलं
आणि फेणीच्या ग्लासात सोडलं.
(जंतू मरतात. तक्रारीला जागा नव्हती.)
ताट इनासकडे सरकवलं.
इनासनं काही न विचारता
सुपारी कातरावी तसं
सगळं कातरून दिलं.

टाळू झाकली की चव उणावते,
हे आमच्या पुस्तकात आहे.
मी पेशंटना ते सांगत नाही.
ते जेवत होते डोळे मिटून,
हिरड्यांनी, घाई न करता,
पिवळा बलक पावानं निपटत.
इकडे उंड्याचं कडक कवच
माझ्या डाव्या दाढेत रुतलं,
जिची ट्रीटमेंट मी दोन वर्षं
पुढच्या महिन्यावर टाकतोय.

ताट पुसून झाल्यावर त्यांनी ग्लास उचलला,
दात झटकले, बसवले,
फेणी तीच, एका घोटात.
नॅपकिन टेबलावर, कोट सारखा.
"इनास फ्रान्सिश्क फेर्नांदिश
हाजिर हो!"
एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा
रस्त्यावरचं कुत्रं उठून बसेल अशा आवाजात.

इनास बिल घेऊन आला.
टेबलाशी उभा राहिला, पाय जुळवून.
पाच बटणं लावलेलीच होती,
त्यानं सहावंही लावलं.

बाहेर पडताना फुर्ताद म्हणाले,
डावीकडे किंचित टोचतंय.
सोमवारी या, म्हटलं, घासून देतो.

घरी बायकोनं विचारलं, काय जेवलात?
शर्ट हुंगत होती.
मी म्हटलं, फार काही नाही.